'सोलास्टॅल्जिया'ची मराठीत स्वतंत्र नोंद व्हावी का? सल्ला हवाय

वरळीची_कालवं

नमस्कार. मी वरळी कोळीवाड्यात राहते, कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. दीड वर्षापासून मराठी विकिपीडियावर वेळ मिळेल तसं लिहिते. आजवर लिहिलं ते मासे, बंदरं आणि किल्ल्यांवर. तिथे 'हा लेख हवाच कशाला' असं कुणी विचारत नाही. आता पहिल्यांदाच एका संकल्पनेवर लिहायला बसले आणि तीन आठवडे झाले, मजकूर धूळपाटीतच, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या लिखाणाच्या पानावरच, पडून आहे.

संकल्पना आहे सोलास्टॅल्जिया. ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियातल्या पर्यावरण-तत्त्वज्ञाने २००३ साली हा शब्द घडवला आणि २००५ मध्ये त्यावरचा निबंध छापला. न्यू साउथ वेल्समधल्या अपर हंटर खोऱ्यात उघड्या कोळसाखाणी वाढत गेल्या. स्फोट, धूळ, डोंगराच्या जागी खड्डे, आणि त्यातच दुष्काळ. तिथली माणसं घर सोडून कुठे गेली नव्हती, तरी परगावी गेलेल्या माणसाला घरासाठी लागते तशी हुरहुर त्यांना लागली होती. माणूस जागेवर आणि जागा मात्र त्याच्या पायाखालून निघून चाललेली, या दुःखाला अल्ब्रेक्ट यांनी नाव दिलं. लॅटिनमधला सांत्वन या अर्थाचा शब्द आणि ग्रीकमधली वेदना, अशी त्याची जोडणी आहे.

मला हे समजून घ्यायला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही, कारण माझी आजी. लग्न होऊन ती या घरात आली त्याला साठ वर्षं झाली. ओहोटी लागली की पाटी घेऊन खडकांवर कालवं काढायला जायची. कुठल्या खडकाला किती कालवं, कुठे शेवाळावरून पाय घसरतो, हे तिला अंधारातही ठाऊक होतं. त्या खडकांवर भराव पडला. घर तेच, गल्ली तीच, शेजारीपाजारी तेच. आजी ओट्यावर बसून असते आणि म्हणते, "मी इथंच हाय, पन दर्या गेला." डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. वय आहेच, पण नुसतं वय नाही हे आम्हा घरातल्यांना कळतं.

म्हणूनच मला स्वतःवर भरवसा वाटत नाही. विषय इतका जवळचा आहे की मला त्यावर लेख हवाच आहे, आणि असं हवं असणं हे काही नोंद करायचं कारण होत नाही. 'पर्यावरणीय मानसशास्त्र' या लेखात एक परिच्छेद घालून भागेल का? संदर्भ शोधले तर ढीग सापडला, पण त्यातल्या कितीतरी लेखांत हा शब्द फक्त एकदा, शोभेला म्हणून येतो. असे संदर्भ मोजायचे का?

दुसरी अडचण शीर्षकाची. मराठीत याला रुळलेला शब्द मला मिळाला नाही. मी 'स्वस्थळव्यथा' असा शब्द केला. वर्गात वापरला, मुलांना लगेच कळला. तो शीर्षकात घेतला तर चालेल का?

आणि शेवटचं, खरं तर हेच आधी विचारायचं होतं. उदाहरण म्हणून आमच्या कोळीवाड्याबद्दल दोन ओळी लिहिल्या तर?

गणिताचा_फळा

ताई, मी डोंबिवलीचा, शाळेत गणित शिकवतो. मानसशास्त्रात मला गती नाही. पण स्वतंत्र लेख की दुसऱ्याच्या लेखात परिच्छेद, हे कोडं एकाच माणसाच्या कामाबाबत दोन्ही तऱ्हांनी सुटलेलं मी पाहिलंय, म्हणून लिहितो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तर. हातात पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठ पाठीशी नव्हतं. संख्यांचे गुणधर्म शोधायचे आणि त्यांना नावं द्यायची, हे आयुष्यभर केलं. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांतून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. त्यापुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधी लागत नाहीत. दरवर्षी आठवीच्या वर्गात मी हे करून घेतो आणि दरवर्षी कुणीतरी उत्तर चुकवायचा जिवापाड प्रयत्न करतं.

त्यांनीच हर्षद संख्या सांगितल्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या. १८ ही अशी एक, कारण १ + ८ = ९. आणि त्यांनीच डेम्लो संख्या सांगितल्या: १, १२१, १२३२१ अशा. हे डेम्लो म्हणजे जी. आय. पी. रेल्वेवरचं आमचं डोंबिवली स्टेशन. तिथे त्यांना या संख्यांचा विचार सुचला म्हणून ते नाव.

आता पाहा. तिन्ही कल्पना त्याच मास्तरांच्या. इंग्रजी विकिपीडियावर ६१७४ च्या पद्धतीवर स्वतंत्र लेख आहे, हर्षद संख्यांवर आहे, डेम्लोवर नाही. डेम्लो संख्या 'रिप्युनिट' म्हणजे १, ११, १११ अशा संख्यांच्या लेखात एक उपविभाग म्हणून राहतात. डोंबिवलीकर म्हणून मला हे फार लागलं होतं. स्वतंत्र लेख करायचाच म्हणून मी शोधायला बसलो. जे हाती आलं त्यात बहुतेक ठिकाणी एवढंच होतं की कापरेकरांनी यांना असं नाव दिलं. पुढे त्यांचं काय झालं ते मला सापडलं नाही. हर्षद संख्यांचं तसं नाही. सलग २१ हर्षद संख्या असूच शकत नाहीत, हे १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केलं. देवळालीपासून हजारो मैलांवरच्या माणसांनी ती कल्पना घेतली आणि तिच्यावर स्वतःचं काम उभं केलं. लेख लिहायला बसलं की हा फरक हाताला लागतो: हर्षदवर पानभर सहज लिहून होतं, डेम्लोवर आठ ओळींनंतर पेन थांबतं.

तेव्हापासून मी एकच चाळणी लावतो. ज्याने शब्द घडवला त्याचं, त्याच्या विद्यार्थ्यांचं आणि सहलेखकांचं सगळं लेखन बाजूला ठेवायचं. उरलेल्यांतून, नुसता शब्द वापरणारे वगळून, शब्दाविषयी लिहिणारे तेवढे घ्यायचे. त्यांच्याच आधारावर लेख उभा राहतो का ते पाहायचं. राहिला तर स्वतंत्र. नाही राहिला तर परिच्छेद, आणि त्या नावावरून तिकडे पुनर्निर्देशन, म्हणजे नाव शोधलं की वाचक आपोआप त्या परिच्छेदावर पोचतो. परिच्छेद होण्यात कमीपणा नाही. डेम्लो संख्या शोधणाऱ्याला त्या आजही सापडतात.

शोभेचे संदर्भ मोजू नका, हे वेगळं सांगायला नकोच.

चौथं_प्रकरण

फळासरांच्या चाळणीला माझा दुजोरा, आणि तो अनुभवातून आलेला आहे. मी समाजशास्त्रात पीएचडी करतोय. दोन वर्षांपूर्वी माझ्या मार्गदर्शकांनी मांडलेल्या एका संकल्पनेवर मी लेख लिहिला. त्यांनी सांगितलं नव्हतं, मला मनापासून वाटलं म्हणून लिहिला. सात संदर्भ दिले होते. आठवड्याभरात पानावर 'पानकाढा'चा साचा, म्हणजे हे पान काढून टाकावं अशी सूचना, लागला. चर्चापानावर एका सदस्याने शांतपणे सातही संदर्भांची फोड करून दाखवली: पाच माझ्या मार्गदर्शकांचे, एक माझा, एक आमच्याच विभागातल्या सहकाऱ्याचा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग आला होता, पण त्याने लिहिलेलं खरं होतं. आमची संकल्पना तोवर आमच्या मजल्यावरून खालीच उतरली नव्हती.

संकल्पना मजल्यावरून उतरते कशी, हे मुंबईत राहून बघता येतं. इथल्या विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस यांनी सुरू केला. त्याआधी, १९१५ मध्ये, त्यांनी 'कॉनर्बेशन' हा शब्द दिला होता: शेजारशेजारची शहरं वाढत वाढत एकमेकांत मिसळतात आणि त्यांची एकच सलग वस्ती होते. कसारा लोकलमध्ये बसून मुंबई कुठे संपली ते सांगून बघा. शब्द गेडीस यांचा, पण आज तो नगररचनाकार, भूगोलवाले, जनगणनावाले सगळेच आपापल्या कामाला वापरतात, त्यावर वाद घालतात, व्याख्या बदलून घेतात. पुढे याच विभागात घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेल्या समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांचं 'संस्कृतीकरण' घ्या, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणं. १९५२ च्या कूर्गवरच्या पुस्तकात ते मांडलं गेलं, आणि त्याला जितक्या जणांनी उचलून धरलं तितक्याच जणांनी झोडपलं. माझ्या मते टीका हा सगळ्यात भक्कम संदर्भ. शिष्य कौतुकापुरता वेळ काढतो, परका माणूस टीकेला वेळ देतो तेव्हा संकल्पनेत काहीतरी आहे.

ताई, सोलास्टॅल्जियावर टीका करणारे कुणी सापडले का? तिथून सुरुवात करा.

शब्दांची_पेटी

बाळ, मी सत्तरीतली आहे, दादरला राहते. आयुष्यातली बरीच वर्षं एका कोशाच्या कामात गेली. तुझ्या शीर्षकाबद्दल बोलते, कारण बाकीचं दोघांनी नीट सांगितलंय.

'स्वस्थळव्यथा' चांगला शब्द आहे. उच्चारायला थोडा जड, पण अर्थ नेमका. तरीही तो शीर्षकात घेऊ नकोस. कोशात शब्द येतो तो कुठेतरी राहून, वापरला जाऊन आलेला असावा लागतो. कोशातच जन्मला तर वाचणाऱ्याला वाटतं मराठीत सगळे असंच म्हणतात, उद्या कुणी प्रश्नपत्रिकेत घालतं, परवा त्या प्रश्नपत्रिकेचाच दाखला देऊन तो कोशात पक्का होतो. असं वर्तुळ पुरं झालेलं मी पाहिलंय. एकदा पुरं झालं की मोडता येत नाही.

मग मराठीत नवा शब्द करायचाच नाही का? करायचा, पण त्याचं दार वेगळं. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थांच्या हाताखाली सुरू झालं, तेव्हा परिभाषेचा स्वतंत्र संग्रह १९७३ मध्ये आधी निघाला आणि पहिला खंड १९७६ मध्ये. आधी शब्दांवर विद्वानांनी बसून विचार केला, मग त्या शब्दांनी नोंदी लिहिल्या. ते काम मंडळाचं होतं, एकट्या नोंदलेखकाचं नव्हतं. तुझ्यामागे तसं मंडळ नाही. तू हा शब्द एखाद्या मासिकातल्या लेखात वापर, स्वतःच्या नावानिशी, का केला ते सांगून. आणखी चौघांनी उचलला की तो आपल्या पायांनी कोशात येईल. तोवर लेखाचं नाव 'सोलास्टॅल्जिया'. परका दिसला तरी खरा आहे.

घाई नको असंही सांगते. छापील खंडांच्या काळात आम्हाला घाई करताच येत नसे, आणि उशीर झाला की कायमचाच. 'अ'चा खंड १९७६ ला छापून झाला. २००० साली पॉल क्रुट्झेन आणि यूजीन स्टोर्मर यांनी 'अँथ्रोपोसीन' मांडलं, म्हणजे पृथ्वीच्या थरांवर माणसाची खूण पडलेलं युग. त्या खंडात ते कुठून येणार? तुम्हा लोकांना दार कायम उघडं आहे. आज नोंद झाली नाही तर वर्षाने होईल.

अँथ्रोपोसीनचं नाव निघालं म्हणून आणखी एक. मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या समितीने त्याला अधिकृत युग मानायचा प्रस्ताव मतदानात फेटाळला. म्हणून त्याची नोंद काढावी लागली का? उलट नोंद अधिक भरली. कल्पना मान्य झाली का, हा कोशाचा प्रश्न नव्हेच. तिच्यावर लोकांनी खरोखर विचार खर्च केला का, एवढंच बघायचं.

परगावी गेलेल्याच्या ज्या हुरहुरीशी तू तुलना केलीस, तिचं नाव 'नॉस्टॅल्जिया', तोसुद्धा १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलला आपल्या प्रबंधात घडवलेला शब्द आहे. परदेशी राहिलेल्या स्विस माणसांच्या घरओढीला त्याने आजाराचं नाव दिलं. १६८९ मध्ये मी कोश करत असते तर ती नोंद घेतली नसती. आणि मी बरोबरच केलं असतं.

आजीला माझा नमस्कार सांग.

खाडीकाठ

मला हे सगळं पटत नाहीये. अपर हंटरच्या माणसांना भेटायला तत्त्वज्ञ आला, निबंध छापला, म्हणून त्यांचं दुःख संकल्पना झालं. आमच्या खाडीकाठच्या म्हाताऱ्यांकडे कुणी आलं नाही, म्हणून त्यांचं दुःख नुसतं गाऱ्हाणं. 'स्वतंत्र संदर्भ' ही अट दिसायला सरळ आहे, पण संदर्भ तयार व्हायलाच विद्यापीठ, इंग्रजी आणि पैसा लागतो. ताईंनी आजीबद्दल लिहावं. ज्ञानकोशात आपली माणसं कधी यायची?

शब्दांची_पेटी

खाडीकाठ, तुमचं दुखणं खोटं नाही. पण ही अट मोडून आजी कोशात आली, तर उद्या त्याच दाराने कुणीही काहीही घेऊन येईल, आणि आजीचं म्हणणं त्या गर्दीत कुणी खरं मानणार नाही. संदर्भ मराठीतलाही चालतो, इंग्रजीच हवा असं कुठेही नाही. तो आपण तयार करायचा. मुलाखती घ्या, तारखा घाला, छापा. कोश सगळ्यात शेवटी येतो.

वरळीची_कालवं

सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीकाठ, तुमचेही, कारण तुमचं वाचून मला आधी हायसं वाटलं आणि मग अक्कांचं वाचून झोप लागली नाही.

रविवारी जमवलेले अठरा संदर्भ छापून घरात जमिनीवर मांडले. फळासरांच्या चाळणीप्रमाणे तीन ढीग केले. सात अल्ब्रेक्ट किंवा त्यांच्या सहलेखकांचे. २००६ चा, पर्यावरणामुळे होणारा त्रास मोजायच्या प्रश्नावलीचा लेख मी स्वतंत्र समजत होते, पण लेखकांत अल्ब्रेक्ट यांचं नाव आहे, तो या ढिगात गेला. सहांमध्ये शब्द फक्त शोभेला. उरले पाच. त्यात २०१९ चा गॅलवे आणि सहकाऱ्यांचा आढावा आहे. त्यांनी तोवर या संकल्पनेवर झालेलं लेखन गोळा करून तपासलंय, शब्द कुठे सैल वापरला जातो, मोजमाप कुठे कमी पडतं हेही विचारलंय. म्हणजे 'चौथं प्रकरण' यांना हवी ती टीकाही त्यात आहे. त्या एकट्या लेखावरून दोन परिच्छेद झाले. पाचांवरून अडीच पानं झाली, आणि पेन थांबलं नाही.

मग त्याच अल्ब्रेक्ट यांच्या 'सॉलिफिलिया' या दुसऱ्या शब्दाला हीच चाळणी लावून पाहिली. जागेवरचं प्रेम आणि ती एकत्र येऊन राखायची जबाबदारी, असा काहीसा अर्थ. मला तो शब्द खरं तर जास्त आवडतो. पण माझ्या हाती त्यांच्या स्वतःच्या लेखनापलीकडे टिकण्यासारखं काही आलं नाही. त्यांच्यावरच्या लेखात त्याला एक ओळ देईन.

'पर्यावरणीय मानसशास्त्र'मध्ये विलीन करायचा विचार सोडला. एक कारण लिहिता लिहिता सापडलं. तिथे आधीच हवामानाच्या चिंतेवर परिच्छेद आहे आणि मी हा मजकूर त्याच्याखाली चिकटवणार होते. पण ती चिंता पुढे काय होईल याची असते. आजीला पुढचं भय नाही. तिचं जायचं ते गेलंय. दोन्ही एका परिच्छेदात कोंबले असते तर हाच भेद पुसला गेला असता.

शीर्षक 'सोलास्टॅल्जिया' ठेवलं. 'स्वस्थळव्यथा' लेखातून पूर्ण काढला, कंसातसुद्धा ठेवला नाही. कोळीवाड्याच्या दोन ओळीही काढल्या. काढताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू.

त्या दोन ओळींच्या आता बारा पानांच्या नोंदी झाल्यात. रोज संध्याकाळी आजीच्या शेजारी बसून लिहून घेते: खडकांची नावं, कुठल्या तिथीला कुठवर पाणी ओसरायचं, कालवं कुठे विकायची, काय भाव मिळायचा. आमच्या गल्लीत तिच्या वयाच्या आणखी चौघी आहेत, त्यांच्याकडेही जायचं ठरवलंय. आजीला विचारलं, तुझं नाव छापू का. ती म्हणाली, खडकांची नावं आधी छाप.

अक्का, मासिकासाठीचा मजकूर झाला की तुम्ही एकदा वाचाल का? दादरला मी घेऊन येईन. आणि कुणाकडे अल्ब्रेक्ट यांचं २०१९ चं पुस्तक असेल तर आठ दिवसांसाठी हवंय. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नाही.

शब्दांची_पेटी

ये. दुपारी चारनंतर. खडकांच्या नावांची यादी आधी आण, मजकूर नंतर.